टाकीत कालवायचं पाकीट

प्रश्न : निफाड तालुक्यात आमचं चार हजार लेयर (अंड्यांच्या) पक्ष्यांचं शेड आहे. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आमच्यापासून पाच-सहा किलोमीटर. द्राक्षांसाठी केलेल्या शेततळ्याचंच पाणी पक्ष्यांना जातं आणि थंडी पडली की तळ्यावर बदकं उतरतात. यंदा खाद्य-औषधं पुरवणारा एक माणूस पांढऱ्या पावडरीचं पाकीट देऊन गेला. म्हणाला, "माणसांचं फ्लूचं औषध आहे, अमँटाडीन. आठवड्यातून दोन दिवस टाकीत कालवा, बर्ड फ्लू शेडची पायरी चढणार नाही." शेजारच्या दोघांनी दिलंय, त्यांचे पक्षी ठणठणीत आहेत. आमचा मुलगा म्हणतो, असं केलं की विषाणू औषधाला सरावतो. म्हणजे नेमकं काय होतं? आणि शेडवर राहणाऱ्या कामगार जोडप्यासाठी व घरच्यांसाठी टॅमिफ्लू ही फ्लूची गोळी आणून ठेवावी का? रोज एक गोळी घेतली तर चालेल का?
– एक भगिनी, निफाड तालुका

उत्तर : ताई, पाकीट फोडू नका. मुलाचं म्हणणं बरोबर आहे आणि त्याचं कारण तुमच्या द्राक्षबागेतच सापडेल, त्याकडे येतोच.

आधी शेजाऱ्यांचे ठणठणीत पक्षी. बर्ड फ्लूचा विषाणू त्यांच्या शेडवर अजून आलेलाच नाही, म्हणून ते ठणठणीत आहेत. आजूबाजूच्या ज्या शेडवर काहीच दिलं नाही तिथले पक्षीही तसेच असतील, विचारून बघा. पाऊस पडलाच नाही त्या दिवशी छत्री गळते की नाही हे कळत नाही.

आता अमँटाडीन. हे जुनं औषध आहे आणि आज ते जास्त करून पार्किन्सनच्या रुग्णांना देतात. फ्लूवर ते एकाच जागी काम करतं. विषाणू पेशीत शिरतो तो एका पिशवीत बंद होऊन. त्याच्या अंगावर एम-2 नावाच्या प्रथिनाची बारीक नळी असते. तिच्यातून पिशवीतलं आम्ल आत झिरपतं, विषाणूचं आतलं वेष्टण सैल होतं आणि जनुकं बाहेर पडून कामाला लागतात. अमँटाडीन या नळीत बुचासारखं बसतं. नळी बंद, वेष्टण सुटत नाही, संसर्ग तिथंच थांबतो. इथवर औषध चांगलंच आहे.

भानगड पुढे आहे. एम-2 ही 97 मण्यांची, म्हणजे अमिनो आम्लांची, माळ. तिच्यात 31 व्या जागी सेरीन नावाचा मणी असतो. तिथं अस्पॅराजीन हा दुसरा मणी आला की बूच बसत नाही, पण नळी मात्र पूर्वीसारखीच चालते. हा मणी बदलायला विषाणूच्या जनुकात एकच अक्षर बदलावं लागतं. 26, 27, 30 आणि 34 या जागांवरच्या बदलांनीही हेच साधतं, पण जगभर सगळ्यात जास्त दिसतो तो 31 वाला.

फ्लूच्या विषाणूचा सगळा मजकूर साधारण साडेतेरा हजार अक्षरांचा, आठ तुकड्यांत विभागलेला. त्याची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला चुका तपासायची सोय नाही. दर नकलेमागे सरासरी एखादी चूक राहतेच. एक आजारी कोंबडी विष्ठेतून आणि नाका-तोंडातून कोट्यवधी विषाणू टाकते, म्हणजे 31 व्या जागी चूक झालेले काही त्यांत पहिल्यापासूनच असतात. औषध त्यांना जन्माला घालत नाही. ते बाकीच्यांना मारतं आणि यांना मैदान मोकळं करून देतं. 'विषाणू सरावतो' असं आपण म्हणतो, पण एकही विषाणू काही शिकत नाही, नुसती निवड होते.

बागेत हेच होतं. डाऊनीवर, म्हणजे द्राक्षाच्या केवडा रोगावर, स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधं आली तेव्हा एका फवारणीत बाग स्वच्छ व्हायची. मग तेच ते औषध हंगामात पुन्हा पुन्हा मारलं गेलं आणि पुढे बुरशी त्याला दाद देईना. तिथंही प्रथिनातल्या 143 व्या जागी एकच मणी बदललेला असतो. म्हणून तर गट बदलून फवारा, एका गटाच्या ठरावीकच फवारण्या घ्या असं सांगतात. फरक इतकाच की बुरशीची पिढी उलटायला दिवस लागतात, फ्लूच्या विषाणूला तास पुरतात. आणि डाऊनी माणसाला होत नाही.

पाण्यातून औषध देण्यानं ही निवड आणखी सोपी होते. थंडीत लेयर पक्षी दिवसाला 200 ते 250 मिली पाणी पितो. चार हजार पक्ष्यांना हजार लिटरची एक टाकी दिवसाला पुरते. त्या टाकीत पावडर कालवली तर कुणाला किती मिळालं? निरोगी, दांडगी कोंबडी भरपूर पिणार. जिला संसर्ग झालाय तिचं खाणं-पिणं सगळ्यात आधी सुटतं, म्हणजे जिथं विषाणू आहे नेमकं तिथंच औषध सगळ्यात कमी पोचणार. पाइपात आतून शेवाळी थर असेल, ओळीच्या टोकाला पाणी साचत असेल, तर शेवटच्या पिंजऱ्यांना वेगळाच डोस. वर आठवड्यातले दोन दिवस औषध आणि पाच दिवस कोरडे. विषाणू मरेल इतकं औषध कुठंच नाही, पण प्रतिकारक विषाणू निवडून निघेल इतकं सगळीकडे. प्रतिकारक विषाणू मुद्दाम तयार करायचे ठरवले तर याहून सोयीची पद्धत शोधावी लागणार नाही.

हे फक्त तर्कानं सांगत नाही. 1983 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एच5एन2 या प्रकारच्या बर्ड फ्लूची मोठी साथ आली. ती आवरायला सुमारे 1 कोटी 70 लाख पक्षी नष्ट करावे लागले. त्यानंतर तिथल्या शास्त्रज्ञांनी हाच विचार प्रयोगशाळेत तपासला : कोंबड्यांना पाण्यातून अमँटाडीन. सुरुवातीला पक्षी वाचताना दिसले. पण काही दिवसांतच औषधाला न जुमानणारा विषाणू निघाला. तो शेजारच्या कोंबड्यांना लागत होता, त्यांना मारत होता आणि औषध काढून घेतल्यावरही तसाच टिकून राहत होता. बऱ्याच जणांना वाटतं की प्रतिकारक झालेला विषाणू लुळा पडतो. 31 व्या जागेच्या बाबतीत तसं होत नाही.

मग चीन. तिथल्या कोंबडीपालनात अमँटाडीन सर्रास वापरलं जात असल्याच्या बातम्या 2005 मध्ये जगभर गाजल्या आणि त्याच वर्षी तिथं त्यावर बंदी आली. त्या काळात व्हिएतनाम-थायलंडमधले बहुतेक एच5एन1 (माणसालाही लागणाऱ्या घातक बर्ड फ्लूचे) विषाणू अमँटाडीनला आधीच प्रतिकारक निघाले होते. अमेरिकेनं 2006 मध्ये कोंबड्यांसाठी या औषधांचा वापर बंद केला. युरोपीय संघानं 2022 मध्ये केवळ माणसांसाठी राखीव औषधांची यादी केली, तिच्यात 18 विषाणूरोधक औषधं आहेत. अमँटाडीन आणि टॅमिफ्लूतलं ओसेल्टामिवीर ही दोन्ही त्यात आहेत. भारतात कोंबड्यांसाठी मान्यता मिळालेलं फ्लूविरोधी औषध एकही नाही. मान्यताच नाही म्हटल्यावर औषध दिल्यानंतर अंडी किती दिवस विकायची नाहीत याचाही ठरलेला आकडा नाही. पिवळा बलक अंड्यात शेवटचे दहाएक दिवस भरत असतो. पाण्यातून गेलेलं औषध तेवढ्या दिवसांच्या अंड्यांत उतरू शकतं, हे तुमच्या शेजाऱ्यांना जरूर सांगा.

तो पुरवठादार हुशार असेल तर म्हणेल, "प्रतिकार तर औषध न देताही येतो." खरं आहे. माणसांच्या एच3एन2 फ्लूमध्ये अमेरिकेत 2005-06 च्या हंगामात दहापैकी नऊ विषाणू अमँटाडीनला प्रतिकारक निघाले आणि तेव्हापासून हंगामी फ्लूवर ते औषध देणंच थांबलं. तिथं औषधाचा मारा हे एकमेव कारण नव्हतं. पण त्याचा अर्थ निवडीला आपण आणखी हातभार लावावा असा होत नाही. कोंबड्यांतल्या सगळ्या विषाणूंत अजून ही चूक पसरलेली नाही, आणि जोवर ती नाही तोवर औषध माणसाच्या कामाचं आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एच5एन1 नं अत्यवस्थ झालेल्या एका किशोरवयीन मुलीला ओसेल्टामिवीर, बॅलॉक्साविर आणि अमँटाडीन अशी तीन औषधं एकत्र दिली गेली, ती वाचली. तुमच्या कपाटातल्या पाकिटावर ज्याचं नाव सांगितलंय तेच हे तिसरं औषध.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट धरून चालावी लागते. एच9एन2 हा सौम्य बर्ड फ्लू भारतात कोंबड्यांत फिरत असतो. अंडी थोडी घटतात, सर्दीसारखं होतं, 'वातावरण बदललं' म्हणून सोडून दिलं जातं. तुमच्या शेडमध्ये तो असेल आणि तुम्ही अमँटाडीन चालवलं, तर कुणाच्याही लक्षात न येता तो प्रतिकारक होऊन बसेल. पुढे एखाद्या थंडीत एच5एन1 आला आणि दोघे एकाच कोंबडीत भेटले, तर आठ तुकड्यांची अदलाबदल होते. एम-2 चा तुकडाही त्यात आला. म्हणजे ज्या विषाणूला औषध कधी दाखवलंच नाही, तोसुद्धा आयता प्रतिकार घेऊन निघतो.

पैशाच्या बाजूनंही हे पाकीट महाग पडेल. अर्धवट औषधानं मरतूक काही दिवस दबते, पण विषाणू विष्ठेतून पडत राहतो. अंड्यांचे ट्रे, खताच्या गाड्या, कामगारांच्या चपला यांच्यावर बसून तो गावभर जातो. शेवटी मर सुरू होते तेव्हा उशीर झालेला असतो. सरकारी भरपाई मिळते ती पथकानं नष्ट केलेल्या पक्ष्यांची, अंड्यांची आणि खाद्याची. आधीच मेलेल्या पक्ष्यांचे पैसे मिळत नाहीत. दोन दिवस लवकर कळवलं तर जे पक्षी भरपाईच्या यादीत आले असते, ते खड्ड्यात जातात.

आता टॅमिफ्लू. तिच्यातलं ओसेल्टामिवीर वेगळ्या जागी काम करतं. नवे विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या धाग्यांना चिकटलेले असतात, न्यूरामिनिडेज नावाची कात्री ते धागे कापून त्यांना सोडवते. ओसेल्टामिवीर ही कात्री अडकवतं. एच5एन1 वर आज पहिलं औषध हेच आहे. तिथंही एक नाजूक जागा आहे, 275 वी. तिथं हिस्टिडीनच्या ऐवजी टायरोसीन आलं की गोळीचा परिणाम फार घटतो. (जुन्या लिखाणात हीच जागा 274 म्हणून दिसेल, मोजणीची पद्धत वेगळी आहे इतकंच.) हा बदल झालेला विषाणू पूर्वी जरा लंगडा असायचा, म्हणून फार काळजी नव्हती. 2007-08 च्या हंगामात माणसांच्या जुन्या एच1एन1 मध्ये दुसऱ्या काही बदलांनी तो लंगडेपणा भरून निघाला आणि वर्षभरात तो प्रकार जगभर पसरला. 2024 च्या शरद ऋतूत कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबियात आठ पोल्ट्री फार्मांवर 275 चा बदल असलेला एच5एन1 सापडला. म्हणजे हा बदल घेऊन विषाणू कोंबड्यांत सुखानं राहू शकतो. श्वासातून ओढून घ्यायच्या झानामिवीर या औषधाचा अशा विषाणूवर सहसा उपयोग होतो, पण गंभीर रुग्णाच्या फुप्फुसात ती पावडर पोचवणं कठीण असतं.

तुम्ही विचारलंय, रोज एक गोळी चालेल का. याचं उत्तर देणारी एक नोंद 2005 सालची, व्हिएतनाममधली आहे. घरात एच5एन1 चा रुग्ण असलेल्या एका मुलीला प्रतिबंध म्हणून 75 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदाच दिली जात होती. तिला संसर्ग झालेलाच होता. चौथ्या दिवशीच्या नमुन्यात ओसेल्टामिवीरला प्रतिकारक विषाणू सापडला. पुढे पूर्ण डोस दिल्यावर ती बरी झाली, पण त्याच वर्षी तिथंच उपचार चालू असताना असा विषाणू निघालेले दोन रुग्ण दगावले. संसर्ग झालेला असताना अर्धा डोस म्हणजे पुन्हा तुमच्या टाकीचीच गोष्ट, फक्त माणसाच्या घशात. म्हणून आता अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था बर्ड फ्लूच्या पक्ष्यांशी उघडा संपर्क आलेल्या माणसाला, लक्षणं नसली तरी, उपचाराचाच डोस सांगते : 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 5 दिवस. संपर्क चालूच राहणार असेल तर 10 दिवस. हा मोठ्या माणसाचा आकडा आहे. मुलांचा वजनावर ठरतो आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर कमी करावा लागतो, म्हणून तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

तेव्हा साथ नसताना गोळ्या घेऊ नका, घरात साठवूही नका. हे औषध भारतात शेड्यूल एच1 मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय दुकानदारानं देऊ नये. साठवलेल्या गोळ्यांचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाला साधा ताप आला की दोन घेतल्या जातात, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात. तुमच्या शेडवर किंवा जवळपास रोग ठरला तर आरोग्य विभागाचं पथक येतंच. पक्ष्यांशी संपर्क आलेल्या प्रत्येकावर 10 दिवस लक्ष ठेवायचं असतं. ताप, खोकला, घसा, डोळे लाल होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलला जा आणि केसपेपर काढतानाच "पोल्ट्रीवर काम करतो, पक्षी मेलेत" हे सांगा. ते सांगितलं नाही तर साध्या व्हायरल तापाच्या गोळ्या घेऊन परत याल. घशाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासला जातो, पण अहवालासाठी औषध थांबवायचं नसतं. ओसेल्टामिवीरचा खरा फायदा पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर होतो.

गोळ्यांऐवजी त्या जोडप्याला आणि घरच्यांना दरवर्षीची हंगामी फ्लूची लस द्या. ती बर्ड फ्लू अडवत नाही. पण माणसाचा फ्लू आणि कोंबडीचा फ्लू एकाच माणसात एकत्र येऊन तुकड्यांची अदलाबदल होण्याची शक्यता तिच्यामुळे घटते.

कोंबड्यांना लस का नाही, हेही मनात आलं असेल. एच5एन1 च्या लसीला भारतात परवानगी नाही, रोग आला की पक्षी नष्ट करायचे हेच धोरण आहे. कुणी चोरून आणलेली बाटली देऊ केली तर तिचीही गत या पाकिटासारखीच. एच9एन2 च्या लसीबद्दल मात्र तुमच्या पशुवैद्यांना विचारा.

राहिलं तुमचं शेततळं, आणि खरी भीती आहे ती तिथंच. नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक येतात. रानबदकांच्या आतड्यात हा विषाणू फारसं आजारी न पाडता राहू शकतो आणि विष्ठेतून पाण्यात पडतो. गार पाण्यात तो आठवडेच्या आठवडे टिकतो. निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो, म्हणजे विषाणूला याहून चांगलं शीतगृह नाही. तेच पाणी तुम्ही गाळून-बिळून निपलला, म्हणजे पक्ष्यांच्या पिण्याच्या तोट्यांना, देता. पाकिटावर जे पैसे गेले असते ते इथं घाला.

सगळ्यात चांगलं म्हणजे पक्ष्यांना बोअरचं पाणी द्या, शेततळं फक्त बागेला. चार हजार पक्ष्यांना दिवसाला हजार लिटर लागतं, तेवढं बहुतेक बोअर देतात. ते जमणारच नसेल तर तळ्यात काही टाकत बसू नका, टाकीत क्लोरीन द्या. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, कारण क्लोरीन मातीत आणि शेवाळात खर्च होतो आणि विषाणूसाठी काही उरत नाही. हजार लिटरला 33 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर 10 ग्रॅम घेतली की साधारण 3 पीपीएम (दहा लाख भागांत 3 भाग) क्लोरीन होतो. पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ तेवढं ओता. नाहीतर निपल चोंदतात आणि मग कामगार क्लोरीनच बंद करून टाकतात. अर्धा तास थांबून मगच पाणी सोडा, त्यासाठी आलटून पालटून भरायला दोन टाक्या हव्यात. उघडं राहिलेलं पोतं महिन्या-दोन महिन्यांत निम्मं निकामी होतं, म्हणून वजनावर विसंबू नका. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यातला क्लोरीन बघायला ओटी टेस्ट करतो, त्याच द्रावणाची बाटली आणा आणि टाकीजवळ नव्हे, ओळीच्या शेवटच्या निपलचं पाणी तपासा. तिथं 2 पीपीएमच्या आसपास दिसलं पाहिजे. रानीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटासारखी जिवंत लस पाण्यातून द्यायची असेल तेव्हा आदल्या दिवसापासून क्लोरीन बंद ठेवा आणि लसीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर घाला, नाहीतर क्लोरीन लसच मारून टाकेल. हे विसरल्यानं रानीखेत येतो आणि मग सगळं गाव बर्ड फ्लू म्हणून धावतं.

तळ्यावर बागेचीच जुनी बर्ड नेट ताणली तरी बदकं उतरायची कमी होतात. शेडच्या बाजूंना चिमणी शिरणार नाही अशी पाऊण इंची जाळी हवी. फाटली असेल तर आजच तारेनं शिवून घ्या. सांडलेलं खाद्य रोज झाडा, कावळे त्यासाठीच येतात.

दाराशी पाय बुडवायला हौद असेलच, पण त्यात बहुतेक ठिकाणी चिखलाचं पाणी असतं. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे 1 टक्का क्लोरीन, आणि ते रोज बदलायचं, कारण उन्हानं त्याचा जोर जातो. बूट आधी ब्रशनं धुवायचे, मग बुडवायचे. शेणामातीच्या थराखालच्या विषाणूला कुठलंच जंतुनाशक लागत नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे शेडच्या आत वेगळ्या चपला. फ्लूच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साध्या साबणानंही ते फुटतं, म्हणून हात धुवायला नळ आणि साबण दाराशीच ठेवा.

अंड्यांचे कागदी ट्रे परत घेऊ नका, प्लॅस्टिकचे धुऊन, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून, वाळवून घ्या. कोंबडखताचा विचार निफाडमध्ये कुणी करत नाही. तुमच्याच बागेत आणि शेजाऱ्यांच्या बागेत ते जातं, पाच शेडवरून फिरलेला ट्रॅक्टर तुमच्या शेडखाली येतो. ट्रॅक्टर कुंपणाबाहेर थांबवा, चाकं धुऊन घ्या, आणि ओलं खत देण्याऐवजी ढीग झाकून तापू द्या. ढिगाच्या पोटात हात ठेववणार नाही इतकी ऊब आली की विषाणू टिकत नाही, मात्र कडेचं खत आत आणि आतलं बाहेर असा एकदा तरी ढीग उलथायला हवा.

आणि वही ठेवा. रोजचं पाणी, खाद्य, अंडी, मर. पाणी किंवा खाद्य एकदम पाचव्या हिश्शानं घटलं, अंडी सलग दोन दिवस 5 टक्क्यांहून जास्त उतरली, किंवा आठवड्याची मर 3 टक्क्यांवर, म्हणजे तुमच्याकडे 120 पक्ष्यांच्या वर गेली, तर वाट बघू नका. तुरा निळा-जांभळा, तोंड सुजलेलं, पायांवर रक्ताचे डाग, मऊ कवचाची अंडी दिसली तर आकड्यांचीही वाट बघू नका. रानीखेतही असाच दिसतो, डोळ्यांनी फरक करता येत नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या पशुसेवेच्या हेल्पलाइनवर कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या 2009 च्या कायद्यानं हे मालकाचं कर्तव्यच आहे. पक्षी स्वतः फाडून बघू नका, कालव्यात किंवा गोदावरीत टाकू नका, स्वस्तात विकू नका. मेलेले पक्षी दुहेरी पिशवीत बांधून सावलीत ठेवा. नमुने पशुवैद्यच घेतील. ते बर्फावर पुण्याला आणि तिथून भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात, अंतिम निदान तिथलंच. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथंच ठरला, आणि तो आपल्याच नाशिक विभागातल्या नवापूरचा होता.

ते पाकीट मोरीत किंवा तळ्यात रिकामं करू नका. तसंच बंद ठेवा, त्यावर लेबल किंवा बॅच नंबर आहे का ते पाहून फोटो काढा आणि नाशिकच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जमा करा. देणाऱ्याला फोन करून फक्त पक्कं बिल मागा. तो बहुधा पुन्हा तुमच्या शेडवर येणार नाही.